टॉप गिअरला 12 सांगितले, गाडी 10 नेच पळते, या तक्रारीबद्दल

नमस्कार दादा. तुमचा एक स्टारचा अभिप्राय दोनदा वाचला. इंजिन काढून आम्ही मोटर बसवून दिलेला छोटा ट्रॅक्टर कागदावर ताशी 12 किमीचा, पण खानापूर रस्त्यावर 10 च्या वर जात नाही. शिवाय तुम्ही मागचं एक चाक जॅकवर उचलून फेरे मोजलेत, तर चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे किती फेरे, हे प्रमाण 28 ऐवजी 14 आलं. म्हणून "आकडेच खोटे लिहून दिले" असं तुमचं म्हणणं.

वेगाची चूक आमची आहे. मी हिशेब धरला तो ओझं नसताना मोटरच्या मिनिटाला होणाऱ्या 3000 फेऱ्यांवर आणि टायरच्या 23 इंच व्यासावर, म्हणजे 1.83 मीटर परिघावर. 3000 ला 28 ने भागलं की चाकाचे मिनिटाला 107 फेरे, त्यावरून ताशी पावणेबारा किमी. ते मी 12 लिहून मोकळा झालो. पण गाडी ओझं घेऊन चालायला लागली की हीच मोटर 2600 वर येते, आणि टायरही दबतो. परवा तुमच्याच मापाच्या टायरवर खडूची खूण केली, सीटवर माणूस बसवला आणि एक पूर्ण फेरा ढकलून टेपने मोजलं: 1.75 मीटर. आता हिशेब 9.75 किमी येतो. डांबरी रस्त्यावर 30 मीटरला 11 सेकंद लागले, म्हणजे 9.8. तुम्ही सांगितलेला आकडा बरोबर आहे. हे माप गाडी हातात देण्याआधी घ्यायला हवं होतं. माफ करा.

14 चं मात्र तसं नाही. एक चाक जमिनीवर अडलेलं आणि दुसरं हवेत असलं, की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला गिअर) हवेतलं चाक दुप्पट फिरतं. म्हणून त्याच्या एका फेऱ्याला मोटरचे निम्मेच फेरे मोजले जातात. दोन्ही चाकं उचलून, दोन्ही सारखी फिरवून मोजा, 28 च येतील. खरंच 14 असतं तर ती गाडी 19-20 ने पळाली असती.

मोटरवरची 4 इंची पुली काढून 5 ची बसवा, असंही तुम्ही लिहिलंय. बसते, आणि रस्त्यावर 12 च्या आसपास मिळतील. पण लो गिअरचा वेग सव्वातीनवरून 4 वर जाईल. ओळीतून कोळपणी करताना एवढा वेग मला जास्त वाटतो, रोप तुडवलं जातं. त्याहून मोठी अडचण नांगरटीची. तेवढीच ओढ द्यायला मोटर सव्वापट करंट घेणार, आणि वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीतली, उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. तुमच्या भाताच्या जमिनीत चिखलात चाक घसरतं ते आणखी वेगळं. मोटर जळालेली गाडी परत आणून तुमचा हंगाम बुडवायची माझी तयारी नाही, म्हणून कायमची 5 ची पुली मी बसवून देणार नाही.

करू असं. 5 इंची पुली आणि तिला लागणारा दीड इंचाने लांब बेल्ट, दोन्ही आमच्याकडून, पैसे नकोत. ऊस किंवा खताची पोती घेऊन पाणंदीतून रस्त्याला यायचं असेल तेव्हा ती लावा, शेतात शिरताना पुन्हा 4 ची. बदल वीस मिनिटांचा आहे, पोरगा समोर करून दाखवेल. तुमचा कागदही 9.75 किमी लिहून, सहीनिशी बदलून देतो.

शनिवारी सकाळी गाडी उद्यमबागला घेऊन या. दोन्ही चाकं उचलून तुमच्यासमोर फेरे मोजू, आणि 30 मीटरचं अंतर तुम्हीच टेपने आखा.