डोंगर राखायचा तर डोंगरातली माणसं तिथं राहिली पाहिजेत

साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या फुलांचे फोटो पडायला लागले की खाली कुणीतरी हमखास लिहितं, "गुरं बंद करा, गावं हलवा, तरच हे वाचेल." लिहिणारे तळमळीनंच लिहितात. पण मला हे अजिबात पटत नाही, आणि सातारकर म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलायचंय.

कासचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट पठार, हा जांभ्याचा कातळ. वर माती जेमतेम वीतभर, कुठं कुठं तर बोटभरच. तिच्यात नत्र इतकं कमी की सीतेची आसवं ही इवल्याशा जांभळट फुलांची वनस्पती बारीक जीव पकडून आपली गरज भागवते. वायतुरा या इथल्या वनस्पतीच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे. अशा साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती इथं नोंदल्या गेल्यात. २०१२ साली जागतिक वारशात नाव गेलं ते उगाच नाही.

ही बोटभर उंचीची रोपं माजलेल्या गवताखाली जगणार कशी? कास, एकीव, आटाळी, कासाणीची म्हसरं पिढ्यान्‌पिढ्या त्या भागात चरत आली. जनावर उंच गवत खातं, खुरानं जमीन उकरली जाते, शेण पडतं आणि ऊन खालच्या बुटक्या रोपांपर्यंत पोचतं. मध्यंतरी पठाराला तारेची जाळी घातली. जनावरांची ये-जा थांबली, गवत वाढलं, फुलं कमी झाली अशी ओरड सुरू झाली, आणि शेवटी ती जाळी काढावी लागली. चराईला मर्यादा हवीच, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण ती ठरवताना ज्यांची जनावरं आहेत त्यांना विचाराल की नाही?

आणखी आत, जावळी-पाटणच्या माथ्यावर गवळी धनगरांचे वाडे आहेत. एकाच छपराखाली अर्ध्यात माणसं, अर्ध्यात म्हशी, मध्ये नुसतं आडवं लाकूड. पावसाळ्यात चूल दिवसभर धुमसत असते, आढी धुरानं काळीकुळकुळीत झालेली, आणि बाहेर धो धो कोसळत असताना म्हशींच्या अंगाची ऊब घरभर पसरलेली. अशाच एका वाड्यावर तिथले एक मामा म्हणाले, "गवा काय आमचा वैरी न्हाय. त्यो बी हितलाच हाय. पर एका रातीत समदी नाचणी तुडवली, तर आमी खायाचं काय?" भरपाई मागायची तर सातबारा दाखवा. कसतात ती जमीन बऱ्याचदा दुसऱ्याच्याच नावावर.

या माणसांना आपण आधीच किती उठवलंय! साठच्या दशकात कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला आणि कोयना खोऱ्यातली कसदार जमीन पाण्याखाली गेली. कुणी सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडे गेलं, कुणी नुसतंच वर डोंगरात सरकलं. मग १९८५ ला कोयना अभयारण्य झालं, २००४ ला चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगल राखायला हे हवंच होतं, मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे. पण ज्या कोयना वीज प्रकल्पातून १,९६० मेगावॅट वीज निघते, त्याच्या धरणग्रस्तांची नातवंडं आजही जमिनीसाठी आंदोलनाला बसतात, हे मला सहन होत नाही.

गावकरी सगळं बरोबरच करतात असंही नाही. नवं गवत जोमानं फुटतं म्हणून वणवे लावले जातात आणि त्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरडे, कोवळी रोपं, सगळं जळून जातं. शिकारही होते. हे थांबलंच पाहिजे. मात्र वणवा पेटल्यावर ओल्या फांद्या घेऊन रात्री धावतं कोण? गावातलीच पोरं. ती तरी आता उरलीत किती! घरटी एक माणूस मुंबईत. तिथल्या बाजारांत माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहिली ती याच खोऱ्यांतल्या माणसांनी.

खरी भीती मला वेगळीच वाटते. डोंगरउतार जेसीबीनं कापून सपाट होतायत, माथ्यावरच्या जमिनी बाहेरच्यांच्या नावावर जातायत. नवीन महाबळेश्वर या सरकारच्या गिरिस्थान प्रकल्पाच्या आराखड्यात सुरुवातीलाच सातारा, जावळी, पाटणमधली २३५ गावं होती, पुढं त्यात आणखी शेकडो गावांची भर पडली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यात दरडी कोसळून घरंच्या घरं गाडली गेली. अतिवृष्टीच तशी होती, मान्य. पण असा पाऊस पुन्हा येणार हे माहीत असताना आपण उतारांवर आणखी खोदाई करायची? आणि रस्ता करायचाच, तर तो रिसॉर्टच्या फाटकापर्यंत आधी आणि धनगरवाड्याला नंतर, असं का? आजारी माणसाला अजूनही काही वाड्यांवरून झोळीत घालून खाली आणावं लागतं. म्हणून तर लोक जमीन विकतात. दवाखाना नाही, पोरांच्या शाळेची सोय नाही, पीक गव्या-रानडुकरांचं. चार पैसे घेऊन कुणी निघून गेला तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. आराखड्यावर शिक्का मारण्याआधी प्रत्येक वाडीच्या ग्रामसभेत तो मराठीत वाचून दाखवा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक दावे निकाली काढा. पिकाची भरपाई कसणाऱ्याच्या हातात पडू द्या. आणि एक गोष्ट आपल्या, शहरातल्या लोकांच्या हातातली. साताऱ्याच्या बऱ्याच भागाला कास तलावाचं पाणी येतं. आपल्या नळपट्टीतला थोडा वाटा दरवर्षी त्या पाणलोटातल्या ग्रामपंचायतींना द्यावा, जाळरेषा, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढायला आणि तिथल्या पोरांना राखणीचा पगार द्यायला. मी ही मागणी नगरपालिकेकडे लेखी देणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कळवा.