दर गुरुवारी चार ते पाच, डेंटिस्ट

सकाळी एका मैत्रिणीचं स्टेटस पाहिलं. ऑनलाइन वाचत असलेल्या 64 भागांच्या कथेचा स्क्रीनशॉट, खडूस बॉस आणि त्याचा असिस्टंट, दोघंही पुरुष. खाली तिची ओळ: 'मला पण असाच बॉस हवा.' पुढे नऊ बदाम. मी ते मोजले, यावरून माझा मूड ओळखा.

नको गं बाई. मला होता असा बॉस.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या बऱ्याच जणांना माझं माहीत आहे. ज्यांना नव्हतं त्यांना आत्ता कळलं. असो, पुढे.

मी सव्वीस वर्षांचा होतो, तो एक्केचाळीसचा. मी त्याचा असिस्टंट, म्हणजे त्याचं कॅलेंडर, त्याचे मेल, त्याची तिकिटं, आणि तो ज्यांच्यावर खेकसला त्यांची समजूत काढणं, हे सगळं माझ्याकडे. कागदावर तारीख त्याच्या पद्धतीनं नसली की फाईल टेबलावरून सरकत थेट जमिनीवर. त्याच्या कॅलेंडरवर दर गुरुवारी चार ते पाच एक चौकोन होता: डेंटिस्ट. आता मला सांगा, दर गुरुवारी दातांच्या डॉक्टरकडे कोण जातं? बत्तीसच्या बत्तीस बदलून झाले तरी एवढ्या खेपा होत नाहीत. मी कधी विचारलं नाही. त्या तासात कुणाची मीटिंग मात्र घुसू दिली नाही, अगदी त्याच्या वरच्या साहेबांचीसुद्धा. आठ-नऊ महिन्यांनी एका संध्याकाळी तो दारात थांबून म्हणाला, "तू कधी विचारलं नाहीस." मी म्हटलं, "दात तुमचे आहेत, सर." तो हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं आणि कामातून गेलो.

बघा, कथेत हे किती गोड दिसेल! मला लिहितानाही गोड वाटतंय, म्हणून तर जास्त राग येतोय.

कारण पुढचं तुमच्या 64 भागांत येत नाही. तिथे बॉस जगाशी वाईट आणि एकट्या असिस्टंटशी हळवा असतो. माझ्याकडे उलटं झालं. आमचं सुरू झालं आणि ऑफिसात तो माझ्यावर दुप्पट ओरडायला लागला, का, तर कुणाला शंका नको. हे त्यानं मला प्रेमानं समजावून सांगितलं आणि मी प्रेमानं समजून घेतलं. त्या वर्षीचं माझं अप्रेझल त्यानं मुद्दाम एक पायरी खाली दिलं. संध्याकाळी सॉरी म्हणाला. सॉरीनं पगार वाढत नाही.

आणि ते 'सर'! त्याला 'तू' म्हणायला मला दोन महिने लागले. घरी 'तू', ऑफिसात 'सर, तुम्ही'. रोज लिफ्टमध्ये क्रियापदं बदलायची. एकदा भरल्या मीटिंगमध्ये तोंडातून गेलं, "तुला पाठवलंय ते." बारा माणसं. कुणाच्या काही लक्षात आलं असेल असं मला आजही वाटत नाही, जीभ घसरते माणसाची. पण तो पांढरा पडला, आणि मग सगळ्यांसमोर त्यानं माझा जो पाणउतारा केला तसा त्याआधी कधी केला नव्हता. मी वहीत मुद्दे लिहून घेत राहिलो. खरंच लिहीत होतो, ती वही अजून आहे माझ्याकडे.

तुम्ही म्हणाल, बिचारा किती घाबरलेला असेल. कपाटात कोंडलेला, म्हणजे पुरुष आवडतात हे जगापासून लपवणारा माणूस, म्हणून तुसडा. प्रत्येक कथेत हेच स्पष्टीकरण येतं आणि ते आलं की वाचणारे लगेच विरघळतात. अरे, मी कुठे होतो मग? मीही त्याच कपाटात होतो, त्याच्यापेक्षा खालच्या कप्प्यात. माझ्याही घरी माहीत नव्हतं. मी कुणावर फाईल फेकली? बॉसला भूतकाळ मिळतो, जखम मिळते, असिस्टंटला फक्त सहनशक्ती मिळते. तिला पुन्हा प्रेम म्हणायचं.

आणि त्या मैत्रिणीला विचारायचंय, याच गोष्टीत असिस्टंट बाई असती तर टाकले असतेस नऊ बदाम? तू बॉसला सोलून काढलं असतंस. जपानमध्ये सत्तरच्या दशकापासून बायका बायकांसाठी पुरुषांच्या प्रेमकथा लिहीत आल्या आहेत, त्यातली मजा मला कळते. बाईचा बळी जात नाही, मग सत्तेचा खेळ निर्धास्त वाचता येतो. ठीक आहे, कथा म्हणजे काही एचआरची नियमावली नव्हे, आणि मीसुद्धा हे सगळं रात्री दोनपर्यंत वाचतो. पण समोरचा पुरुष आहे म्हणून त्याला लागत नाही असं नाही ना.

तक्रार करायची म्हटलं तरी कुठे करणार? अमेरिकेत ऑन्काले नावाच्या तेलविहिरीवरच्या कामगाराला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, तेव्हा 1998 मध्ये ठरलं की पुरुषानं पुरुषाला त्रास दिला तरी तो लैंगिक छळ असू शकतो. भारतातल्या 2013 च्या कायद्यात तक्रारदार बाईच असावी लागते. आणि कायदा असला तरी, तक्रारीच्या पहिल्या ओळीत स्वतःबद्दल काय सांगावं लागतं ते बघा. मॅकडोनल्ड्सचा सीईओ ईस्टरब्रुक, त्याला 2019 मध्ये कर्मचारी बाईशी सहमतीचे संबंध ठेवले म्हणून काढलं, तेव्हा मी ती बातमी तीनदा वाचली. सहमतीचे होते तरी गेला, आणि गेला तो वरचा! आमचं उघड झालं असतं तर कोण गेलं असतं, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं.

छळ होता का माझा? नाही. हे प्रामाणिकपणे लिहितोय. मला तो हवा होता. पण नको झाला तेव्हा 'नको' कुणाला म्हणायचं होतं? प्रियकराला म्हटलं तर ते साहेबालाही म्हटल्यासारखं झालं असतं, आणि साहेबाला नको म्हणायची सवय मला लागलीच नव्हती, माझी नेमणूकच 'हो सर' म्हणण्यासाठी झालेली.

तो वाईट माणूस नव्हता हो. मला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसून होता, सकाळी माझ्या रजेचा अर्ज त्यानंच टाइप केला, स्वतःलाच उद्देशून, 'आदरणीय सर' घालून. आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो होतो. गुरुवारचंही त्यानं सांगितलं एकदा. समुपदेशकाकडे जायचा. सहा वर्षं. तिथे काय बोलायचा ते मी विचारलं नाही, आणि आता वाटतं, हे तरी विचारायला हवं होतं.

सात महिने चाललं. मग मी दुसऱ्या विभागात बदली मागितली. बदलीच्या अर्जातला एक ऱ्हस्व त्यानं लाल पेनानं दीर्घ केला आणि खाली सही केली. दोघंही काही बोललो नाही.

माझ्या जागी आलेल्या मुलाला मी दोन दिवस काम समजावत होतो. हुशार होता. कॅलेंडर बघून म्हणाला, "हे गुरुवारचं चार ते पाच दर आठवड्याला अडकलंय, इथे मीटिंग टाकली तर चालेल का?"

मी म्हटलं, "नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. फार खराब आहेत दात त्यांचे."