तांब्याची खाण म्हणजे फक्त खड्डा नव्हे

एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: विजेच्या गाड्या, पवनचक्क्या, वीजवाहिन्या हव्या असतील तर तांबे लागणारच. मग दूरच्या निर्मनुष्य डोंगरात चार-पाच चौरस किलोमीटरचा खड्डा पडला तर कोणाचे काय बिघडते? पाच वर्षांत खाण सुरू होईल, मागास भागाला रस्ते आणि नोकऱ्या मिळतील, आणि तांबे संपले की झाडे लावून डोंगर पूर्ववत करता येईल.

तांबे लागणार, हे मान्य. विजेच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीपेक्षा तिप्पट-चौपट तांबे लागते. भंगारातून जगाची साधारण एक तृतीयांश गरज भागते, बाकीचे खणावेच लागते. घोळ आहे तो त्यापुढच्या प्रत्येक वाक्यात.

‘चार-पाच चौरस किलोमीटरचा खड्डा’

आज खणल्या जाणाऱ्या धातुकात, म्हणजे धातू असलेल्या दगडात, तांबे असते अर्धा ते एक टक्का. ०.६ टक्के धरून हिशेब करू. एक टन तांब्यासाठी सुमारे १६७ टन धातुक लागते. प्रक्रियेत निसटणारे तांबे धरले तर आकडा १९० च्या आसपास जातो. धातुकापर्यंत पोचण्यासाठी उपसून टाकलेला दगड यात धरलेलाच नाही. हे धातुक पिठासारखे दळतात, पाणी आणि रसायने घालून त्याचा फेस काढतात. तांब्याचे कण फेसाला चिकटून वर येतात आणि बाकीचे जवळजवळ सगळेच ओला, बारीक गाळ होऊन मागे उरते. खाणीतले लोक त्याला टेलिंग्ज म्हणतात. खाणीचा खरा प्रश्न खड्ड्याचा नाही, हा गाळ कायमचा ठेवायचा कुठे, याचा आहे.

मैदानात बांध घालून तो अडवतात. डोंगरात काय करायचे? तांब्याचे एवढे साठे डोंगरांतच सापडतात हा योगायोग नव्हे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तेव्हा शिलारस वर चढतो. पर्वत उभे राहतात ते याच हालचालीत, आणि तांबे साचते ते याच शिलारसातून सुटलेल्या उष्ण द्रवांतून. दक्षिण अमेरिकेतील अँडीज आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील न्यू गिनी बेटाचे डोंगर असेच घडले. म्हणजे जिथे असे तांबे, तिथेच बहुधा भूकंप, उभे उतार आणि सुटे कडे. त्यात न्यू गिनीसारखा पाऊस असला तर गाळाचे धरण बांधायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

याच बेटाच्या पूर्व भागातील पापुआ न्यू गिनी या देशातील ओक टेडी या तांब्याच्या खाणीचे उदाहरण पाहा. स्टार पर्वतरांगेत वर्षाला आठ-दहा मीटर पाऊस पडतो. गाळ अडवण्यासाठी तिथे धरणाचे काम सुरू होते. १९८४ च्या सुरुवातीला त्या जागीच दरड कोसळली आणि धरण झालेच नाही. खाण मात्र त्याच वर्षी सुरू झाली. नदीत गाळ सोडण्याची परवानगी मिळाली ती ‘तात्पुरती’ म्हणून, पण पुढे तीच व्यवस्था कायम झाली. दरवर्षी कोट्यवधी टन गाळ आणि दगड ओक टेडी नदीतून फ्लाय नदीत गेले. पात्र उथळ झाले, पुराचे पाणी काठच्या जंगलात साचून राहिले आणि शेकडो चौरस किलोमीटरवरची झाडे उभ्या उभ्या मेली. १९९९ मध्ये खाणीची मुख्य भागधारक, ऑस्ट्रेलियातील बीएचपी ही खाण कंपनी, स्वतःच म्हणाली की ही खाण आपल्या पर्यावरणविषयक मूल्यांत बसत नाही. २००२ मध्ये ती आपला ५२ टक्के हिस्सा एका विकासनिधीकडे सोपवून बाहेर पडली, पुढच्या दाव्यांपासून कायदेशीर संरक्षण घेऊन. चार-पाच चौरस किलोमीटर!

नदीत गाळ सोडणाऱ्या मोठ्या खाणी आज जगात बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत, हे खरे. गाळ पिळून, कोरडा करून रचून ठेवण्याचे तंत्रही आहे. पण ते महाग आहे आणि धो-धो पावसात अवघड होते. संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

‘तिथे कोणी राहत नाही’

न्यू गिनी बेटाच्या पश्चिमेला, इंडोनेशियाच्या ताब्यातील पापुआत चार हजार मीटरहून उंच ग्रासबर्गची तांब्याची खाण आहे. तो डोंगर अमुंगमे लोकांना पवित्र. गाळ मात्र त्यांच्या डोंगरात थांबत नाही. आयक्वा नदीने तो खाली सखल भागात उतरतो, आणि तिथे मासे, शिंपले आणि साबुदाण्याच्या झाडांवर जगणारे कामोरो लोक आहेत. वरच्या भागात वस्ती विरळ आहे म्हणून खालची मोजायचीच नाही, असा हा हिशेब आहे. डोंगरातले पाणी शेवटी जाते कुठे?

‘पाच वर्षांत खाण सुरू’

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार शोधापासून उत्पादनापर्यंत सरासरी १६ वर्षांहून अधिक काळ लागतो. ओक टेडीला १९६८ ते १९८४ असाच काळ लागला. सायबेरियाच्या डोंगरातला उदोकानचा साठा १९४९ मध्ये सापडला. तिथले उत्पादन सुरू झाले २०२३ मध्ये.

‘रस्ते, नोकऱ्या, विकास’

रस्ता होतो. ओक टेडीसाठी तबुबिल नावाचे अख्खे गाव उभे राहिले, दवाखान्यासह. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सर्वात जास्त माणसे लागतात ती बांधकामाच्या काळात. एकदा खाण चालू झाली की अजस्र डंपर आणि गिरण्या बाकीचे काम करतात, आणि ती चालवायला प्रशिक्षित माणसे बऱ्याचदा बाहेरून येतात. शिवाय सगळे एका धाग्यावर लटकलेले: २०१५ च्या दुष्काळात फ्लाय नदीचे पाणी इतके उतरले की मालवाहू बोटी चालेनात, आणि ओक टेडी कित्येक महिने बंद राहिली.

बोगनव्हिल बेटावरील पांगुनाची खाण १९७२ मध्ये सुरू झाली आणि पापुआ न्यू गिनीच्या निर्यातीचा मोठा हिस्सा तिच्यातून येऊ लागला. पैसा राजधानीकडे आणि भागधारकांकडे गेला. ज्यांची जमीन गेली आणि नदी गाळाने भरली, त्यांच्या हाती फारच थोडे आले. आधी संतापलेल्या स्थानिकांनी खाणीचे विजेचे मनोरे पाडले, १९८९ मध्ये खाण बंद पडली आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे यादवी चालली. हजारो माणसे मेली. मागास भागाच्या विकासाचे उदाहरण शोधणाऱ्यांनी हेही उदाहरण पाहावे.

‘संपले की झाडे लावू’

तांब्याबरोबर बहुतेक वेळा पायराइट असते, म्हणजे लोह आणि गंधक. खडक फोडून त्याला हवा-पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते, आणि खाण बंद झाली म्हणून ते व्हायचे थांबत नाही. अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या ब्यूट शहरात बर्कली पिट या तांब्याच्या उघड्या खाणीतले काम १९८२ मध्ये थांबले, पाणी उपसणारे पंपही बंद झाले, आणि खड्डा आम्लयुक्त, धातूमिश्रित पाण्याने भरत गेला. १९९५ मध्ये त्यावर उतरलेल्या बर्फहंसांपैकी ३४२ मेलेले सापडले. तेव्हापासून तिथे पक्ष्यांना आवाज करून हुसकावतात, आणि पाणी उपसून शुद्ध करण्याचे काम अनिश्चित काळ चालू ठेवावे लागणार आहे. संदेशातल्या नोकऱ्यांत हंस हुसकावणारे धरले आहेत का, ते लिहिणाऱ्यालाच विचारायला हवे.