सुपडू हे नाव हसायला चिठ्ठीवर लिहिलंत?

बारशात माइक आणलाच कुणी? पाळणा, आत्या, घुगऱ्या आणि पाळणा म्हणणाऱ्या चार बायका, एवढ्यात आजवर सगळ्यांची नावं ठेवून झाली. आता लॉन घ्यायचं, फुग्यांची कमान लावायची, केक कापायचा, आणि तासाच्या भावाने सूत्रसंचालक बोलवून त्याच्याकडून स्वतःच्याच लेकराच्या नावाची टिंगल करून घ्यायची. परवा जळगावात हेच झालं. डोकं अजून ठणकतंय.

स्टीलच्या डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. पाहुण्याने एक उचलायची, 'बाळाचं नाव आहे' म्हणून माइकवर वाचायची आणि सगळ्यांनी हसायचं. पहिली निघाली शेवभाजी. मग बट्टी. मग डुबूक, कळणा, कुकर, झारा, चिमटा, लाटणं. बारा दिवसांची पोर पाळण्यात आणि चार हातांवर स्पीकर. प्रत्येक हशाला ती दचकायची, दोन्ही हात फेकायची, मुठी उघडायच्या. शेवटी आईने पदर काढून तिच्या कानांवर धरला. तरी कुणाला आवाज कमी करावासा वाटला नाही.

तेवढ्यात चिठ्ठी आली 'भरीत'. अरे, भरीत करतात कसं हे जळगावच्या माणसाला सांगायला हवं का? हिरवं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, साल सोलायची, देठ धरून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायचं. तान्ह्या लेकराच्या नावाला भाजणं, सोलणं, ठेचणं चिकटवताना जीभ कशी अडखळत नाही? पाचवीला, बारशाला घरातल्या म्हाताऱ्या वाईट शब्दसुद्धा तोंडातून जाऊ देत नाहीत, आणि इथे ते माइकवर. शिवाय आपल्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते वांगंही टिंगलीचं नाही.

पण खरा संताप पुढे आहे. पुढची चिठ्ठी सुपडू. तिच्या मागे उखर्डू. मग चिंधू. हसू दुप्पट झालं. पुढच्या रांगेतली नऊवारीतली आजी हळूच शेजारणीला म्हणाली, "मन्हा बापनं नाव सुपडू व्हतं." माइकवाल्याने ते ऐकलं. त्याने काय करावं? त्या आजीला हात धरून उभं केलं आणि 'सुपडूच्या मुलीसाठी जोरदार टाळ्या' मागितल्या! आणि लोकांनी दिल्या! आजी डोक्यावरचा पदर पुढे ओढून खाली बसली. घुगऱ्यांचा द्रोण मांडीवर तसाच राहिला.

कुकर आणि सुपडू एका डब्यात टाकता? कुकर हे नाव कुणी कुणाला ठेवलेलं नाही. सुपडू ठेवलेलं आहे, आणि ज्या बाईने ते ठेवलं तिने त्याआधी दोन-तीन पोरं मातीत घातली होती. घरात मूल जगेना म्हणून नवं जन्मलं की त्याला सुपात ठेवायचे, केरकचऱ्यासारखं. म्हणजे सटवीची, मृत्यूची नजर वळली तरी तिला वाटावं की हे टाकाऊ आहे, न्यायच्या लायकीचं नाही. उखर्डूला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलेलं असायचं. चिंधूला अंगडं नाही, चिंध्या. भिकाची आई दारोदार पदर पसरून मागून आणायची. नथूचं नाक टोचायचे, मुलगा आहे हे कळू नये म्हणून. कडू म्हणजे काळालाही कडू लागो.

काय होतं त्या काळात त्यांच्या हातात? नाळ विळ्याने कापायची, वर शेण लावायचं, आठव्या दिवशी धनुर्वाताने पोर आखडून जायचं. त्यातून वाचलं तर देवी, हगवण. 1899-1900 चा, म्हणजे संवत 1956 चा, छप्पन्नचा दुष्काळ, 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. धनुर्वाताची लस नव्हती, डॉक्टर हाताशी नव्हता, होतं ते फक्त नाव. लेकराला द्यायला तेवढंच एक चिलखत होतं आणि ते सुपाचं होतं. खानदेशातल्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं उघडा. पान पान भरलंय सुपडू, उखर्डू, दगडू, धोंडू, शेणफडू यांनी. तो प्रत्येक जण जगला म्हणून तर ते नाव तिथवर पोचलं.

आणि घरातल्या वस्तूंवरून नाव हे एवढं हास्यास्पद असेल तर चला, सगळंच काढू. सुपाला संस्कृतात शूर्प म्हणतात. गणपती शूर्पकर्ण, सुपासारख्या कानांचा. तिथे हात जोडता. दामोदर म्हणजे पोटाला दावं बांधलेला, यशोदेने कृष्णाला उखळाला बांधलं ते दावं. द्रोणाचार्यांचा द्रोण म्हणजे भांडं. नवनीत म्हणजे लोणी. पीयूष म्हणजे अमृत, आणि व्यालेल्या गाईचा पहिला चीकसुद्धा, ज्याचा आपण खरवस करतो. दीपक म्हणजे दिवा. कलश, केशर ही नावं तर आजही हौसेने ठेवता. बारशात पाळण्यात आधी कुणाला निजवता? वरवंट्याला! त्याला कुंची घालून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणता. म्हणजे वरवंट्याला गोपाळ म्हटलेलं चालतं, पण गोपाळाला सुपडू म्हटलेलं चालत नाही. संस्कृतात गेलं की पवित्र आणि अहिराणीत राहिलं की विनोद. हा कुठला न्याय?

हसणाऱ्यांनी स्वतः ठेवलेली नावं तरी बघा. फोनवर यादी येते, समोर अर्थ छापलेला असतो, 'रियांश म्हणजे सूर्याचा अंश'. कोणत्या शब्दकोशात? मोल्सवर्थ उघडा, आपटे उघडा, दाखवा. अंकशास्त्रवाला सांगतो म्हणून इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ए घालायचे आणि पुढे जन्मभर प्रत्येक खिडकीवर 'डबल ए, डबल ए' करत राहायचं.

टिंगलीचं नाव टिंगलीपुरतं राहतं हेही खोटं आहे. जन्माला आलं की दवाखान्यातल्या लसीच्या कार्डावर 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव असतं. दीड महिन्याने पुढचा डोस. तोवर घरात सगळे बट्टी-बट्टी करत असतात, कार्ड घेऊन मामा गेलेला असतो, नर्स विचारते नाव काय, तो सांगतो बट्टी. तेच अंगणवाडीच्या वहीत उतरतं, आणि दोन कागदांवर दोन नावं झाली की शाळेच्या दाखल्यापासून आधारपर्यंत फरफट सुरू. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा जन्मदाखलाच आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्यात नाव घालायची घाई नाही. बारा महिने फी न भरता नाव घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 मे 2024 पासून आपल्याकडे क्रम आहे बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. हे चारही शब्द मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर लिहून न्या, टंकलेला मसुदा अक्षर अक्षर वाचा, वेलांटी बघा, मग सही करा. एकदा चूक छापली गेली की प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि चकरा. चिठ्ठ्यांचा डबा भरायला तासभर मिळतो, हा कागद वाचायला पाच मिनिटं मिळत नाहीत.

आणि बारसं करायचंच असेल तर माइक बंद करा. आत्याला पाळण्याशी वाकू द्या, कानात कुर्र करू द्या, मग बायकांना तिच्या पाठीत धपाटे घालू द्या. त्यात जेवढं हसायचं तेवढं हसा. घरात सुपडू नावाचा पणजोबा होऊन गेला असेल तर त्याचं नाव त्या लेकरासमोर नीट घ्या, त्याला सुपात कुणी ठेवलं आणि का ते सांगा. ती आजी सांगू शकली असती. तिला टाळ्यांसाठी उभं केलं, विचारलं मात्र कुणीच नाही.

परवाच्या त्या पोरीचं नाव शेवटी ठेवलं. आत्याने ते कानात सांगितलं, वर तोंड करून मोठ्यानेही म्हटलं. पण तोवर माइकवाल्याने गाणं लावलं होतं. मागच्या रांगा जेवायला उठल्या, एकमेकांना विचारत, काय ठेवलं, काय ठेवलं? कुणालाच माहीत नव्हतं. शेवभाजी मात्र सगळ्यांच्या लक्षात होती.