चाळीसातला यू कोणं खाल्ला?

पऱ्हाटीचा हिशेब बोटावर करणारे, अडीचकी पाठ असलेले लोक आमच्या गावात ढिगानं आहेत. पण चेकवरची ‘रुपये’ पुढची लांब रेघ दिसली, की सगळ्यांचा चष्मा घरीच राहिलेला असतो. ती रेघ इंग्रजीत भरणारा माणूस म्हणजे मी.

समजा, कृषी केंद्राची उधारी ८४,४४० रुपये. आकडा गरीब दिसतो. आता अक्षरात लिहा: एटी फोर थाउजंड फोर हंड्रेड फोर्टी. पहिल्या दोन ‘फोर’मध्ये यू आहे, ‘फोर्टी’त नाही, आणि चौदाच्या ‘फोर्टीन’मध्ये बेटा पुन्हा हजर! “भाऊ, मंग चाळीसातला यू कोणं खाल्ला?” याला माझ्याकडे उत्तर नाही. हजार चौऱ्याऐंशी असोत नाहीतर एक, ‘थाउजंड’ला एस लावायचा नाही, यालाही नाही.

त्यात सांगणारा सांगतो, “पावणेआठ हजार टाका.” इंग्रजीत पावणे नाही, सव्वा नाही, अडीच तर नाहीच. आधी डोक्यात ७,७५० करा, मग सेव्हन थाउजंड सेव्हन हंड्रेड फिफ्टी. कानात ‘आठ’ घुमत असतो, हात ‘एट’ लिहून मोकळा होतो. गिरवायची सोय नाही. तारीख सोडून कुठेही खाडाखोड झाली की चेक परत. फाडा नवीन पान.

‘फिफ्टीन’चं ‘फिफ्टी’ झालं तर आणखी मजा. आकड्यात १५,००० आणि अक्षरात पन्नास हजार असतील, तर चेकच्या १८८१च्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १८ अक्षरं खरी धरतं. काउंटरवरचे साहेब एवढ्या खोलात शिरत नाहीत, चेकच परत करतात. उपकारच म्हणायचे.

सुरुवात रेघेच्या अगदी डाव्या टोकाला करायची, शब्दांत फट ठेवायची नाही, शेवटी ‘ओन्ली’ आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ. ‘एट’पुढे जागा सुटली, तर कोणीही मागाहून नुसता एक वाय चिकटवतो, आठाचे ऐंशी हजार! आकड्यात तर एक शून्यच लागतो.

खरं तर ही रक्कम मराठीतही लिहिता येते, रिझर्व्ह बँकेची ना नाही. सही मराठीत ठोकणाऱ्याला मी हे सांगतो आणि पेन त्याच्याच हाती देतो. तो ‘चौ’ काढतो. थांबतो. ‘ऱ्या’ कसा काढायचा म्हणून छताकडे पाहतो आणि पेन माझ्याकडे सरकवतो.

“इंग्लिशच राहू द्या, भाऊ.”