पाच लाखांची यंत्रं राहू द्या, आधी पटाशीला धार लावा

सांगली-मिरजेकडच्या गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज परत परत येतोय. त्याचा सारांश असा: अकूस्टिक गिटार घरी बनत नाही. पाच लाखांची यंत्रं हवीत, ब्राझिलियन रोझवूड हवं, लाकूड वाकवायला रात्रभर भिजवायला हवं. उरलेलं चिकटवणं आणि फ्रेट (गळ्यावरचे धातूचे आडवे पडदे) बसवणं काय, कुठलाही सुतार करून देईल!

विश्रामबागेत जिन्याखालच्या खोलीत मी आजवर तीन गिटारी बनवल्यात. त्या जोरावर सांगतो, हा मेसेज नको तिथे घाबरवतो आणि घाबरायचं तिथे बिनधास्त सोडतो.

यंत्रांचं घ्या. शंभरावी गिटार पहिलीसारखीच निघावी म्हणून कारखान्याला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कापायचं यंत्र, लागतं. एकच करणाऱ्याचं रंधा, पटाशी, बारीक दात्यांची करवत, कानस आणि व्हर्निअर एवढ्यावर भागतं. गिटारच्या फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या चिकटेपर्यंत दाबून धरायला डझनभर क्लॅम्पही नकोत. वर-खाली दोन जाड फळ्या पक्क्या करायच्या आणि मधे बांबूच्या कामट्या वाकवून अडकवायच्या. त्या सरळ व्हायला बघतात आणि पट्टी दाबली जाते. खर्च करायचा तो धारेवर. गिटारची वरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते, बोथट रंधा तिच्यावरून रेषाच उपटून नेतो. मिरजेत सतारी बनवायला लागलेली घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणाऱ्यांची. मला तो नुसता योगायोग वाटत नाही. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.)

ब्राझिलियन रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आहे. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने त्याऐवजी भारतीय रोझवूड वापरायला घेतलं. भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव. जगभरचे कारागीर आपल्याकडून नेतात ते लाकूड सोडून आपण ब्राझीलकडे बघत बसायचं! (घ्याल ते पावतीसकट घ्या.) शिवाय मागच्या-बाजूच्या लाकडाचा वाटा किती, हे स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्येच दाखवलं होतं. त्याने पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या केल्या, फक्त वरची फळी चांगल्या लाकडाची लावली. गिटार वाजली.

भिजवण्याबद्दल एवढंच, की लाकूड वाकतं ते उष्णतेने. दोन मिलिमीटरची पट्टी ओली करून तापलेल्या पाइपवर हळूहळू दाबत न्यायची.

आता मेसेजने ज्याला सोपं म्हटलंय ते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, बेसूर वाटला तर सरकवता येतो. गिटारचा फ्रेट एकदा ठोकला की ठोकला. तारेच्या वाजणाऱ्या ६५० मिलिमीटर लांबीला १७.८१७ ने भागा, पहिला फ्रेट ३६.४८ वर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत गेलं की बारावा बरोबर ३२५ वर. हिशोब असा टप्प्याटप्प्याने करायचा, पण खुणा मात्र सगळ्या नटापासूनच (गळ्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) मोजून करायच्या. आधीच्या फ्रेटपासून मोजलं तर प्रत्येक खुणेची चूक पुढच्या खुणेत जाते. त्यात तार दाबली की ताण वाढून स्वर चढतो, म्हणून घोडीवरचं (वरच्या फळीवर तारा अडकवायचा तुकडा) हाड दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यावं लागतं. नुसता सुतार हे करून देणार नाही. ज्याला हे माहीत आहे तो सुतार देईल.

चिकटवणं तर याहून कठीण. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. साधा पांढरा गोंद उन्हाळ्याच्या तापात त्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि घोडी पुढे झुकते. मी सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, वापरतो. तो तापवावा लागतो, वास मारतो, पण दुरुस्तीच्या वेळी ऊब आणि ओल दिली की सांधा सुटतो.

हवेचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. पहिल्या गिटारच्या पट्ट्या मी भर जुलैत चिकटवल्या. लाकूड दमट हवेने फुगलेलं होतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत फळी आडवी आकसायला लागली, पट्ट्यांनी तिला आकसू दिलं नाही, आणि एका दुपारी घोडीपासून खालपर्यंत टचकन चीर गेली. आता पावसाळ्यात फळ्या बल्ब लावलेल्या कपाटात असतात आणि आर्द्रता मोजणारा काटा ४५ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय मी सरस तापवत नाही.

त्या चिरेत स्प्रूस लाकडाची काडी बसवली आहे. दिसते, पण धरून आहे.