‘चिप तीच, किंमत दहापट’: ऑफ-रोड लाइटच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात भाच्याने मला एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, बार मागवला. लावूनही झाला." बार म्हणजे गाडीवर आडवी लावायची एलईडी लाइटची पट्टी. ऑफ-रोड, म्हणजे कच्च्या वाटेवर चालवायच्या गाड्यांच्या ग्रुपांवर हाच मेसेज कधीपासून फिरतोय. मी तो तीनदा वाचला होता आणि तिन्ही वेळा वाद कशाला म्हणून गप्प बसले होते. घरातल्याच पोराने त्यावर विश्वास ठेवून बॅटरीला वायर जोडल्यावर गप्प बसणं जमेना.

मेसेज थोडक्यात असा: स्वस्त आणि महाग लाइटमध्ये चिप एकच असते, जास्तीचे पैसे नावाचे. स्वस्त बारवर लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा आकडा मोठा असतो, म्हणजे उजेड जास्त. आयपी ६८, हा धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा, छापलंय, तेव्हा बिनधास्त पाण्यात घाला. एलईडीला करंट नाममात्र लागतो, फ्यूज आणि रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) यांची भानगड नको, थेट बॅटरीला जोडा. आणि लाइट जितका पांढराशुभ्र तितकं धुक्या-धुळीत लांबचं दिसतं, म्हणून टपावर लावा.

लुमेनपासून सुरू करते, कारण यातला खोटेपणा कुणालाही भागाकार करून पकडता येतो. भाच्याच्या बारच्या खोक्यावर छापलंय: १२० वॅट, १,२०,००० लुमेन. म्हणजे एका वॅटला हजार लुमेन. हे कुठल्याही कारखान्याला कधीही जमणार नाही, कारण लुमेन ज्याच्यावर बेतलंय ती व्याख्याच ते होऊ देत नाही. १९७९ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय महापरिषदेने कँडेलाची, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेच्या एककाची व्याख्या ठरवली. तिच्यानुसार ५४० टेराहर्ट्‌झच्या, म्हणजे डोळ्याला सगळ्यांत ठळक भासणाऱ्या हिरवट प्रकाशाला वॅटमागे ६८३ लुमेन धरतात. सगळीच्या सगळी वीज प्रकाशात बदलली, उष्णतेत कणभरही गेली नाही आणि तो सगळा प्रकाश त्याच एका हिरव्या रंगाचा असला, तरी ६८३ च्या पुढे पाऊल पडत नाही. पांढऱ्या प्रकाशात लाल-निळाही लागतो, डोळा त्यांना कमी दाद देतो, त्यामुळे पांढऱ्याची कमाल मर्यादा याच्या निम्म्याच्या आसपास येते. प्रत्यक्षात गाडीवरच्या चांगल्या एलईडी लाइटकडून वॅटमागे शंभरेक लुमेन मिळाले तरी ठीक. आणि इथे खोक्यावर हजार छापतात, लोक ते पुढे पाठवतात, आणि एकालाही भागून बघावंसं वाटत नाही!

बरं, वॅट तरी खरे असावेत? इंजिन चालू ठेवून मी वायरीला डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावला. १३.८ व्होल्टला ३.९ अँपिअर. म्हणजे ५४ वॅट. बारमध्ये ४० एलईडी आहेत, चिपच्या माहितीपत्रकात प्रत्येकीची कमाल ताकद ३ वॅट, केला गुणाकार आणि छापले १२०. चिपा त्या ताकदीने चालवल्या तर एवढ्याशा हीट सिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पाठीवर) पाच मिनिटांत भाजून निघतील, म्हणून बनवणाऱ्याने करंट निम्म्याखाली ठेवलाय. तेव्हा १,२०,००० लुमेनच्या जागी हातात आले फार तर साडेपाच हजार, तेही लाइट गार असताना. एलईडी तापली की उजेड आणखी उतरतो.

शिवाय लुमेन म्हणजे सगळीकडे सांडलेल्या उजेडाची बेरीज. त्यातला रस्त्यावर किती पडतो हे लक्स सांगतं. नीट माहिती देणारे बनवणारे म्हणूनच अमुक मीटरवर एक लक्स असं लिहितात. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो, त्यावरून एक लक्स किती ते समजेल. झोत ४०० मीटरवर एक लक्स देत असेल तर त्याची तीव्रता १,६०,००० कँडेला असते. तेच ८०० मीटरवर हवं तर दुप्पट ताकद पुरत नाही, चौपट लागते. ही ताकद येते रिफ्लेक्टर किंवा लेन्सच्या घडणीतून. एलईडी रिफ्लेक्टर-लेन्सच्या केंद्रापासून किंचित सरकली तरी झोत फुटतो. भाच्याच्या बारचा उजेड बॉनेटवर आणि कडेच्या झाडांच्या शेंड्यांवर लखलखीत पडतो. समोरची वाट मात्र हेडलाइटच्या हायबीमहून फारशी उजळत नाही.

‘चिप तीच’ हे अर्धं खरं आहे, मान्य करते. दोन्हींत एकाच कंपनीची, एकाच नावाची चिप असू शकते. पण एकाच घाण्यातून निघालेल्या चिपाही उजेड, रंग आणि व्होल्टेजनुसार निवडून वेगवेगळ्या गटांत विकल्या जातात, आणि चिप म्हणजे लाइट नव्हे. हीट सिंक, लेन्सवरचं लेपन, सांध्यातून पाणी अडवणारं गॅस्केट आणि चिपेला करंट पुरवणारं ड्रायव्हर सर्किट, फरक पडतो तो इथे. ड्रायव्हर सर्किट सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतं. त्यात फिल्टर नसेल तर रेडिओत खरखर शिरते. वाहनातल्या उपकरणांनी अशी किती खरखर सोडावी यासाठी सिस्पर २५ नावाचं मानक आहे. भाच्याच्या गाडीत बार लावला की ताफ्याच्या वायरलेसवर मागच्या गाडीचा आवाज बुडतो. रात्री, दरीच्या कडेने, मागचा ‘थांब’ म्हणतोय आणि पुढच्याला ऐकू येत नाही, याचा विचार करा.

आता फ्यूज. बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात, हे चुकलं तर गाडी जळते. ‘करंट कमी म्हणून फ्यूज नको’ लिहिणाऱ्याला फ्यूज कशासाठी असतो तेच ठाऊक नाही. फ्यूज वायरीसाठी असतो. वायरीचं आवरण कुठे घासून उघडं पडलं आणि तांबं बॉडीच्या पत्र्याला टेकलं, की लाइट ५४ वॅटचा आहे की ५ वॅटचा याला काही अर्थ उरत नाही. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि बारीक वायर बघता बघता लाल होते. खडबडीत वाटेवर गाडी तासन्‌तास हादरत असते, वायरी घासतातच. भाच्याची वायर मी पाहिली तेव्हा बॉनेटच्या कडेशी आवरण अर्धं झिजलं होतं. तीन आठवड्यांत! ते पाहून माझे हात गार पडले.

रिलेबद्दल थोडं मागे येते. चार अँपिअरच्या लाइटला स्विच आणि वायर तेवढ्या क्षमतेची असेल तर रिलेवाचून चालतं. पण मेसेज वाचणारा उद्या खरोखरचे मोठे दोन लाइट लावेल. धरा १५ अँपिअर, एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जाऊन-येऊन १० मीटर: अडीच व्होल्ट वायरीतच जिरतात, जवळजवळ ४० वॅटची उष्णता वायरीत. त्यात अनेक एलईडी ड्रायव्हर व्होल्टेज पडलं की वॅट टिकवायला करंट वाढवतात, म्हणजे वायर आणखी तापते. तिथे जाड वायर आणि रिले हवाच. फ्यूज मात्र सगळ्यांनाच, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत.

आयपी ६८ मधला ६ धुळीचा, ८ पाण्यात बुडवण्याचा. आठसाठी खोली आणि वेळ बनवणाऱ्यानेच सांगायची असते. ती लिहिलेली नसेल तर आकड्याला अर्थ नाही. सातच्या चाचणीत, म्हणजे एक मीटर खोल अर्धा तास, पाणी आणि वस्तूच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक चालत नाही. तासभर पेटलेला लाइट ओढ्याच्या गार पाण्यात शिरतो तेव्हा आतली हवा आकसते आणि गॅस्केटमधून पाणी ओढते. चांगल्या लाइटला हवा जाऊ देणारी, पाणी अडवणारी पडदी बसवलेली असते, ती यासाठीच.

पांढऱ्याशुभ्रचं उत्तर छोटं आहे. धुक्याचे थेंब सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, त्यामुळे पिवळाही धुकं भेदत नाही. पांढऱ्याशुभ्र लाइटमधल्या निळसर प्रकाशाने डोळे जास्त दिपतात एवढंच. धुक्या-धुळीत खरा फरक जागेने पडतो. टपावरचा झोत डोळ्यासमोरूनच जातो आणि समोर पांढरी भिंत उभी करतो. लाइट खाली, बंपरवर, वरून कापलेल्या झोताचा लावा. आणि सार्वजनिक रस्त्यावर तो बंद ठेवा, समोरून येणाऱ्यालाही डोळे आहेत.

स्वस्त लाइट घेऊच नका असं मी म्हणत नाही. तळावर तंबू उभारायला, मागे घेताना, चालण्याच्या वेगाने दगडांतून गाडी काढताना पसरट उजेड लागतो, तिथे ते चांगलं काम देतात. वेगात लांबचं बघायचंय तिथे मात्र पैसे वाचवू नका, आणि पैसे मोजकेच असतील तर आधी वायरिंग करा. भाच्याचा बार आता गाडीच्या मागे आहे, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि साडेसात अँपिअरचा फ्यूज लावून. पुढची जागा सध्या रिकामी आहे. एका चांगल्या जोडीसाठी तो पैसे साठवतोय, आणि तोवर रात्रीच्या वाटेवर हळू चालवायचं त्याने कबूल केलंय.